केव्हाही या

१

आम्ही बांबेर्गला गेलो ते निव्वळ खायला. कॅथीड्रल, नदीवरचे पूल, बिशपचा राजवाडा हे सगळं ओघानं आलं. मुख्य काम खाण्याचं.

एकोणसाठच्या मार्चमध्ये यांना न्यूमोनिया झाला. यांना म्हणजे माझ्या यजमानांना, श्रीरंगांना. हे डार्मश्टाटच्या टेक्निशे होखशूलेमध्ये कागदाच्या लगद्यावर डॉक्टरेट करत होते. इस्पितळातून बाहेर आले तेव्हा कोट खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता. उन्हाळा सरला तरी वजन भरेना. डॉक्टरांनी छाती तपासली, नळी कानातून काढली आणि म्हणाले, "एसन, एसन, एसन." खा, खा, खा. असल्या अंगानं आणखी एक हिवाळा निभणार नाही, हे मात्र ते माझ्याकडे बघून म्हणाले. जणू स्वयंपाक मी बिघडवत होते.

यांचे प्रोफेसर बांबेर्गकडचे. "सेमिस्टर नोव्हेंबरात सुरू होतंय, तोवर माझ्या गावी जा," ते म्हणाले. "तिथे लोक जेवत नाहीत, प्रार्थना करतात."

मला प्रवासाची धास्ती. खरं तर मला कशाचीही धास्ती. इंजिनानं शिट्टी दिली तरी माझ्या हातातली पिशवी पडते. यांनी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच माझं सुलेखा हे नाव बदलून दचकूबाई केलं होतं. "पुण्याला बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेली बाई," हे सगळ्यांना सांगत, "आणि मांजर दिसलं की माझ्या मागे लपते. हे कुठल्या अनुमानात बसतं?"

बसत नाही. मला तेव्हाही ठाऊक होतं. पण भीतीला अनुमान लागत नाही आणि अनुमानाला भीती कळत नाही. माझ्या डोक्यात दोघी शेजारी राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

२

आम्ही उतरलो ते फ्राऊ क्रेमरचं घर माळ्यांच्या वस्तीत होतं. बांबेर्गचे माळी गावाच्या पोटातच शेती करतात. लांबट बसकी घरं, रस्त्याकडे गाडी आत जाईल एवढं लाकडी दार, दारामागे अंधारा बोळ, बोळापलीकडे एकदम उजेड आणि कांद्याचे वाफे. कांदा पोसावा म्हणून पायाला फळ्या बांधून पात तुडवतात, त्यावरून गावच्या लोकांना कांदेतुडवे म्हणतात, हे फ्राऊ क्रेमरनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि स्वतःच खूप हसली. साठीची, रुंद हाडाची, गालांवर लाल शिरांचं जाळं असलेली बाई. एकटीच होती.

पहिले दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, कारण त्या दोन दिवसांत हे जेवले.

बटाट्याचे मुठीएवढे गोळे, आत तळलेल्या पावाचा तुकडा. कांद्याचं सार. अळंब्यांचा दाट रस्सा, माझ्यासाठी मुद्दाम मांसाशिवाय केलेला. आंबट प्लमचा केक, त्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्यांसकट. पुलापलीकडच्या एका जुन्या खानावळीत त्यांची ती धुराची बिअर मिळते. यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हे तर चुलीमागे विसरलेलं ताक!" मग दुसरा घोट घेतला. मग संपवलीच. बाजारात शेकोटीवर भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेतली. हे चालता चालता सोलत आणि एक मला, दोन स्वतःला असा हिशेब ठेवत. नदीकाठी पिवळी पानं ओली होऊन दगडांना चिकटली होती. गाल भरलेला माणूस कसा दिसतो ते मी जवळजवळ विसरले होते. चोरून बघत होते.

"काय बघतेस?"

"काही नाही. ओठाला साखर लागलीय."

दुपारचं जेवण घरी असे, बारा वाजता, घंटा वाजता वाजता. जेवणघर बागेकडे तोंड केलेलं. एका कोपऱ्यात हिरव्या फरशांची शेगडी, भिंतीला टेकून बाक, मध्ये टेबल. फ्राऊ क्रेमर आमच्याबरोबर बसत नसे, स्वयंपाकघरात उभ्यानं खाई. आम्ही दोघं.

टेबलावर ताटल्या तीन.

३

पहिल्या दिवशी मला वाटलं, आणखी कोणी उतारू असेल, उशिरा येईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, चुकून मांडली असेल. तिसऱ्या दिवशी विचारलं. विचारायला तरी काय हरकत होती?

शेगडीकडच्या जागी ताटली, काटा, सुरी, चमचा, आणि शिंगाच्या कड्यात गुंडाळलेला रुमाल. कड्यावर जे.के. ही अक्षरं.

"ती माझ्या नवऱ्याची जागा," फ्राऊ क्रेमर म्हणाली. "योहानची."

"ते केव्हा येतात?"

तिनं एक शब्द उच्चारला आणि रश्श्याचं भांडं ठेवून आत गेली. मी यांच्याकडे पाहिलं. हे हळूच म्हणाले, "व्हेरमिस्ट. लढाईत बेपत्ता. चव्वेचाळीस साली, पूर्वेकडे. मेल्याचं पत्र आलं नाही, आणि माणूसही आला नाही. काल सांगत होती मला. रोज मांडते बिचारी. वाढत मात्र काही नाही. म्हणते, आल्यावर वाढीन."

आता मी काय केलं ते सांगते. पुढे यांनी मला कधी दोष दिला नाही, यांच्या मित्रानं, भास्करनं दिला नाही, कारण त्यात दोष देण्यासारखं आमच्यापैकी कोणालाच काही दिसलं नसतं.

आमच्यातला पितृपंधरवडा नुकताच संपला होता. गेलेल्या माणसाचं पान मांडायचं हे मला समजत होतं. पण मांडलेलं पान रिकामं ठेवायचं? माझ्या माहेरी कोणी पाटावर बसलं आणि पान रिकामं दिसलं तर आई ओरडे, "अगं, निदान मीठ तरी वाढ!" रिकाम्या ताटलीसमोर बसून घास तोंडात घालणं माझ्या हाताला जमेना. मी डाव उचलला, एक बटाट्याचा गोळा त्या ताटलीत ठेवला, वर रस्सा घातला. नुसतं वाढून थांबायचं कसं, हेही मला येत नाही. मोडक्या जर्मनमध्ये, खालच्या आवाजात म्हटलं, "घ्या ना. संकोच करू नका. आपलंच घर आहे."

हे हसले. "त्याचंच घर आहे, दचकूबाई."

"असू दे. म्हणायची पद्धत असते."

मग आम्ही जेवायला लागलो. बाहेर फ्राऊ क्रेमरची कोंबडी मातीत नखं घासत होती. हे प्रोफेसरांची नक्कल करत होते, मी हसत होते. पाणी घ्यायला मान वर केली तर ती ताटली रिकामी होती. रश्श्याचा फक्त एक तपकिरी फराटा, आणि काटा-सुरी शेजारी शेजारी, तिरपी, जर्मन माणूस जेवण झाल्यावर ठेवतो तशी.

"काय हो हे! तिसरा गोळाही हाणलात? माझ्या नकळत?"

"मी? तूच खाल्लास आणि माझ्यावर ढकलतेस."

आम्ही दोघंही हसत होतो. दोघंही थोडं उशिरा थांबलो.

४

तर्कानं पाहिलं तर गोष्ट सोपी होती. टेबलाशी माणसं दोन, गोळा एक, मी खाल्ला नाही, म्हणजे यांनी खाल्ला. बोलण्याच्या नादात माणूस काय काय खातो. आजारातून उठलेला तर अधिकच. मला तर आनंद व्हायला हवा होता.

फ्राऊ क्रेमर ताटल्या उचलायला आली आणि शेगडीपाशी थबकली. तो फराटा बघत उभी राहिली. मग ती ताटली तिनं दोन्ही हातांनी उचलली. नंतर स्वयंपाकघरातून बराच वेळ आवाज येत होता. हे म्हणाले रडतेय. मला ते हसणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या ताटलीत तिनंच सार वाढलं. भरपूर, अगदी काठापर्यंत. आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"म्हणा," ती म्हणाली. "काल म्हणालात तसं. आल्झो, बिट्टे, एवढं करा. मी सकाळी न्याहारीला वाढून पाहिलं, माझ्या वाढण्यानं नाही खाल्लं."

मी यांच्याकडे पाहिलं. हे टेबलाखालून पाय लावून म्हणाले, "म्हण ना. म्हातारीला बरं वाटेल. तुझं काय जातं?"

माझं काय जात होतं? एक वाक्य. मी बागेकडे तोंड करून म्हटलं. घ्या. संकोच करू नका. थोडं आणखी घ्या.

मी खिडकीकडेच बघत होते. वाफ्यात पाय बुडवून उभा असलेला एक टोपलीवाला माणूस कांदे झटकत होता. माझ्या डाव्या हाताला, शेगडीकडून, चमचा ताटलीच्या तळाला लागल्याचा आवाज आला. एकदा. मग जरा थांबून पुन्हा. सावकाश, सवयीनं. गरम सार फुंकून पिणाऱ्या माणसाचा तो ठेका होता.

यांचा चमचा, मी स्वतःला सांगितलं. आणि यांच्याकडे वळून पाहिलं. यांचा चमचा टेबलावर कोरडा पडला होता. हे सारात पावाचा तुकडा बुडवून चघळत होते आणि कपाळाला आठी होती.

"आज मीठ नाही का घातलं बाईनं?"

मी चाखून पाहिलं. सार नेहमीसारखंच होतं.

५

राहिलेले चार दिवस हे जेवत होते, पण सासुरवाडीला जेवावं तसं, मान राखायला. प्लमचा केक अर्धा टाकला. "कसला भुसा लागतोय," म्हणाले. चेस्टनट सोलून सोलून मलाच देत राहिले. मी म्हटलं, हवा बदलली, पडसं येत असेल, पडशात चव जाते. हे अनुमान चांगलं होतं. मी त्याला घट्ट धरून राहिले.

त्या घरात मात्र चहूकडे सुवास. फ्राऊ क्रेमर सकाळपासून रांधत असे. तिनं ठेवणीतला झालरीचा एप्रन घातला होता, केसांना कसलंसं तेल लावलं होतं. दर दुपारी माझ्यामागे उभी राहून खांद्यावर हात ठेवी. मी खिडकीकडे बघून म्हणे. चमचा वाजे.

चौथ्या दिवशी ताटली रिकामी झाल्यावर कोणीतरी समाधानानं श्वास सोडला. हे नव्हते. हे खोकत होते.

निघायच्या दिवशी बोळात बॅगा ठेवल्या होत्या. निरोप घेताना मला नेहमीच फार बोलवतं. घाबरट माणसाचा तो रोग आहे, शांतता सोसत नाही. मी फ्राऊ क्रेमरचे हात धरले आणि म्हटलं, "फार केलंत आमच्यासाठी. आता तुम्ही या एकदा आमच्याकडे जेवायला."

आपण हे कोणाला म्हणत नाही? दूधवाल्याला, मास्तरांना, गाडीत भेटलेल्या बाईला. या एकदा. त्यात कोणी येत नाही, यायचंही नसतं.

"दोघंही?" तिनं विचारलं.

मागे जेवणघराचं दार उघडं होतं. आत टेबलाचा कोपरा दिसत होता. मी गडबडले. तिच्या नवऱ्याला वगळायचं कसं?

"हो, दोघंही."

"कधी?"

"केव्हाही या," मी म्हटलं. "केव्हाही."

"गेनाऊ. अगदी बरोबर," फ्राऊ क्रेमर सावकाश म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, मागे वळून, जेवणघराच्या दिशेनं म्हणाली, "ऐकलंस?"

गाडीत हे म्हणाले, "अगं, इथे असं म्हणायचं नसतं. भास्करनं घरमालकिणीला म्हटलं 'या एकदा', तर तिनं डायरी काढली. रविवारी साडेतीनला नवरा, सासू आणि फुलं घेऊन हजर! भास्करकडे कप एकच." ते हसले आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तो वुर्त्सबुर्गपर्यंत थांबला नाही.

६

डार्मश्टाटला आम्ही तिसऱ्या मजल्यावर छपराखाली राहत होतो. एक झोपायची खोली, एक उतरतं छत असलेलं स्वयंपाकघर. त्यात भिंतीशी टेबल, दोन खुर्च्या आणि कपडे ठेवायचं एक स्टूल.

परतल्याच्या दुसऱ्या दुपारी मी ताटल्या मांडल्या, भात उतरवला आणि पाहिलं तर टेबलावर तीन. स्टूल पुढे ओढलेलं. कपडे घडी करून पलंगावर.

आठ दिवस तीन मांडलेल्या बघितल्या, हात चालला त्या वळणानं. मी एक ताटली परत फळीवर ठेवली. यांनी काही पाहिलं नव्हतं. वरण-भात वाढला, वर तूप. यांनी कालवला, घास घेतला आणि तोंडात धरून बसले.

"काय झालं?"

"काही नाही." गिळला. "चांगलंय."

मी निम्मं जेवून पातेल्यात डाव घातला तेव्हा भात संपलेला होता. तिघांना पुरेल इतका टाकला होता.

दिवाळीला मी करंज्या केल्या. खोबरं मिळेना म्हणून बदाम घातले. भास्कर आला होता; हा यांच्याच लॅबमधला, नागपूरचा, पाय लांब आणि तोंड त्याहून. "वहिनी, मोजून ठेवा, मी चोर आहे," असं म्हणत चार खाल्ल्या. यांनी एक घेतली, फोडली, आतलं सारण बघत राहिले आणि ठेवून दिली.

"श्रीरंग, लेका, बायको समोर आहे. निदान खोटं तरी खा."

"खातो रे," हे म्हणाले. यांचं मनगट मी तेव्हा नीट पाहिलं. मार्चमध्ये होतं त्याहून बारीक.

भास्कर निघताना म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे कोणी पाहुणे आहेत का? नाही, स्टुलावर रुमाल दिसला."

७

तो रुमाल त्याच सकाळी टपालानं आला होता. पार्सल मी स्वयंपाकघरात उघडलं. शिंगाचं कडं, जे.के., आणि फ्राऊ क्रेमरची चिठ्ठी. हे लॅबमध्ये होते. मी डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावला.

"प्रिय फ्राऊ, मी वाढते, पण योहान आता इथे नसतो. तो तुमच्याकडे आला असणार. त्याला स्वतःच्या रुमालाची सवय आहे, म्हणून पाठवते. तो नीट जेवतो ना?"

रुमाल मी कपाटात ठेवला होता. हे मी खात्रीनं सांगते. स्टुलावर ठेवला नव्हता.

मी उत्तर लिहिलं. माझ्या जर्मनमध्ये जेवढं मावेल तेवढं. माझा नवरा जेवत नाही, त्याला कशाची चव लागत नाही, तो मरेल. कृपा करून तुमच्या नवऱ्याला परत बोलवा. पत्र पेटीत टाकल्यावर मला स्वतःची लाज वाटली. डार्मश्टाटसारख्या गावात, ट्रॅमच्या रुळांशेजारी उभी राहून एका शिकलेल्या मुलीनं असं पत्र टाकलं होतं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं.

"प्रिय फ्राऊ, तुमच्या नवऱ्याचं वाचून वाईट वाटलं. मी आता जागा मांडत नाही. पंधरा वर्षं मांडली. ताटली बहिणीला देऊन टाकली. मला झोप चांगली लागते. देव तुमचं भलं करो."

पत्र माझ्या हातात होतं आणि माझ्यामागे, स्टुलाकडे, कड्यातून रुमाल ओढल्याचा आवाज आला. कापड शिंगाला घासतं तेव्हा होतो तो, कोरडा.

मी मोठ्यानं म्हटलं, "जा." मराठीत म्हटलं, जर्मनमध्ये म्हटलं. घरी आलेल्या पाहुण्याला मी जन्मात असं म्हटलेलं नाही. कोणी उठलं नाही. आणि यांच्यासाठी पेज करायची वेळ झाली होती. पेज केली नाही तर हे उपाशी राहतील, केली तर ती कोणाच्या पोटात जाईल? मी गॅससमोर काडी हातात धरून उभी राहिले. काडी बोटापर्यंत जळाली.

८

आठवड्याभरात हे चालता चालता जिन्यात बसले आणि उठले नाहीत. भास्करनं आणि खालच्या मजल्यावरच्या माणसानं उचलून गाडीत घातलं, इस्पितळात नेलं.

तिसऱ्या दिवशी भास्कर जिना दोन-दोन पायऱ्या चढत आला. "वहिनी! सूप मागून घेतलं! दोनदा! आज म्हणाला, पाव बरा आहे इथला. श्रीरंग जर्मन पावाला बरा म्हणतो!"

मी रडले. मग वरण-भाताचा डबा घेऊन धावले. हे उशीला टेकून बसले होते, ओठांवर रंग होता. "दचकूबाई, किती दिवसांनी भूक लागली!" म्हणाले. मी चमच्यानं भरवलं. दोन घास. तिसऱ्याला यांच्या तोंडावरचं सगळं विझलं. मी ते विझताना पाहिलं.

"नको," हे म्हणाले. "माती लागते."

परतताना ट्रॅममध्ये मी ते एखाद्या गणितासारखं मांडलं. इस्पितळात परकी बाई वाढते, तेव्हा हे जेवतात. मी वाढते, तेव्हा नाही. म्हणजे तो आमच्या घरात आलेला नव्हता. माझ्या हाताशी आला होता. तर्कशास्त्रात एवढं स्वच्छ अनुमान मला परीक्षेतसुद्धा सुचलं नव्हतं.

मी इस्पितळात जाणं बंद केलं. घरी रोज बारा वाजता स्टुलासमोर ताटली मांडे, होतं ते सगळं वाढे आणि म्हणे, घ्या, संकोच करू नका. तो इथे बसून राहील तेवढा वेळ हे तिथे जेवतील. चमचा वाजे. मी शेजारी बसून कोरडा पाव खाई. मलाही आता तो भुशासारखा लागत होता.

"तो रोज विचारतो," भास्कर दारातून म्हणाला. मी त्याला आत घेत नव्हते. "बायको का येत नाही म्हणतो. काय सांगू? वहिनी, तुम्हाला बरं नाही का? का कोणी काही बोललं?"

"सांगा, सर्दी आहे."

"तीन आठवडे?"

मग यांचं पत्र आलं. वजन चार किलो वाढलं. गुरुवारी सोडताहेत. "तुझ्या हातचं खायला जीव तडफडतोय. काही करू नकोस, नुसता मऊ भात आणि मेतकूट. मी येतो."

मी कागद घेतला. लग्नाआधी यांना मी जी पत्रं लिहिली त्या सगळ्यांच्या शेवटी 'कधी येताय?' असं होतं. आता लिहिलं: "येऊ नका. भास्करकडे राहा. माझ्याकडे येऊ नका." कारण लिहिलं असतं तर हे त्याच पावली धावत आले असते.

९

तरी आले. गुरुवारी, दुपारी तीनला. यांची पावलं मी जिन्याच्या पहिल्या वळणापासून ओळखली. जड होती, दमदार होती. मी दाराला आतून कडी घातली आणि पाठ लावून बसले.

"सुलेखा."

नावानं हाक मारली.

"पत्र वाचलं. म्हटलं, ही थट्टा आहे. भास्कर म्हणाला, थट्टा नाही. अगं, माझं काय चुकलं ते तरी सांग. आजारी माणसाचा कंटाळा येतो, मला कळतं. मी रागावणार नाही. दार उघड."

मी तोंडात पदराचा बोळा धरला होता.

"दोन मिनिटं. तुला बघून जातो."

स्वयंपाकघरात काहीच आवाज नव्हता. बाराचं जेवण मी भरपूर वाढलं होतं. म्हटलं, देवा, अजून दोन मिनिटं त्याला जेवू दे.

"ठीक आहे," हे शेवटी म्हणाले. आवाज असा झाला होता की तो पुन्हा कधी वर चढेल असं मला वाटेना. "ठीक आहे. नको तर नको."

पावलं उतरली. सगळे जिने. खालचं दार बंद झालं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले, खिडकीशी. डिसेंबरची ती राखाडी दुपार, तीन वाजता दिवा लावायला लागतो तसली. हे रस्ता ओलांडून गेले होते. पलीकडे पाववाल्याच्या दुकानाच्या पायरीशी उभे होते, पाठमोरे. मग वळले. हातात कागदात धरलेला गोल पाव होता. वर एकदाही पाहिलं नाही. डोळे पुसले आणि पावाला मोठा तोंडभर लचका घेतला. रस्त्यावर उभं राहून, भुकेलं माणूस खातं तसे खात होते. गाल हलत होते. ओठाला लागलेलं जिभेनं चाटलं.

जेवताहेत. मला वाटलं, बास. मला आणखी काही नको. मी इथे कुजले तरी चालेल. हे असंच कुठेतरी उभे राहून जेवत राहोत.

मग खिडकीची काच दिसली.

डोक्यावरच्या दिव्यामुळे तीत खोली उमटली होती. माझा चेहरा, उतरतं छत, टेबल. स्टुलासमोरची ताटली तशीच भरलेली, हात न लावलेली. स्टूल रिकामं होतं.

माझ्या खांद्यामागे, माझ्याहून हातभर उंच, कोणीतरी उभं होतं आणि माझ्यासारखंच खाली रस्त्याकडे बघत होतं. डोळे मी पाहिले नाहीत. पाहिला तो फक्त जबडा. तो हलत होता. सावकाश, सवयीनं, यांच्या गालांबरोबर.

खाली यांचं चावणं थांबलं. यांनी हातातल्या पावाकडे पाहिलं, उलटून पाहिलं, आणि तो दुकानाच्या पायरीवर ठेवून दिला.